एका पाट्यातली दोन पाती

मंगळवार, ९ सप्टेंबर

सुरा मिळाला! कमरेला आहे. लिहितानाही काढलेला नाही. खुर्चीच्या हाताला मूठ आपटतेय, आपटू दे.

डेसाने भट्टीच्या दारातच दिला. म्हणाली, डोळे मीट, हात पुढे कर. केला. मूठ तळव्यात आली आणि – कसं लिहू – कुणी आपला हात हातात घ्यावा तसं झालं. माझी करंगळी नीट मिटत नाही. कॉलेजातल्या त्या मारामारीत मोडली ती तशीच वाकडी बसली. डेसाने नेमकं तेवढ्याच जागी मुठीला बारीकसं पोट ठेवलंय. करंगळी बरोब्बर त्यावर टेकते. उन्हाळ्यात तिने झाडूच्या दांड्याला ओली माती थापून मला ती मुठीत धरायला लावली होती, आणि मग माझं एकेक बोट स्वतःच्या बोटांनी दाबून बसवलं होतं. तेव्हापासून मी कामातून गेलेला माणूस आहे.

मूठ बोडार्कच्या लाकडाची. त्यांच्या कुंपणाचा जुना खांब कापून केलीय. आत्ता पिकल्या मक्यासारखी पिवळी आहे. ऑर्व्हलकाका म्हणाले, उजेड खात खात तपकिरी होईल, तू म्हातारा होशील तेव्हा काळी. ऑर्व्हलकाका म्हणजे डेसाचे सख्खे काका. तिला त्यांनीच वाढवलं, घणही त्यांनीच हातात दिला. आमच्या बाजूला सुऱ्याच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा.

आणि पोलाद बाबांचं. बाबांच्या ओंडके वाहायच्या ट्रकच्या कमानीचा पाटा. ट्रक गेला, बाबा गेले, पाटा मागच्या शेडपाशी गवतात पडून होता. ऑर्व्हलकाका नकोच म्हणत होते. रस्ते खाल्लेल्या पाट्याच्या पोटात केसाएवढ्या चिरा असतात, वरून दिसत नाहीत, पाणी देताना, म्हणजे लाल तापवून तेलात बुडवताना, पातं फाटतं. डेसा म्हणाली, फाटलं तर फाटलं. त्या एका पाट्यातून तिने दोन पाती काढली. जुळी. एक माझं, एक तिच्या परीक्षेचं.

परीक्षेच्या पात्याचं नशीब फुटकं. आधी टांगलेला दोर एका घावात तोडायचा, मग लाकूड तोडायचं, मग त्याच धारेने हातावरचे केस भादरायचे. आणि एवढं करून शेवटी व्हाइसच्या, म्हणजे लोखंडी शिकंज्याच्या, जबड्यात धरून काटकोनात वाकवायचं. मोडलं तर नापास. न मोडता वाकलं तर पास, पण सुरा मेलाच. ही परीक्षा झाली की डेसाला आपल्या नावाशेजारी लोहारांच्या संघटनेचा शिक्का मारता येईल. ऑक्टोबरात आहे.

मी माझ्या सुऱ्याकडे बघून म्हटलं, बेट्या, सुटलास.

बुधवार, १० सप्टेंबर

आईने जेवताना पाहिला. भांडी घासताना पाठमोरी म्हणाली, ‘तुझ्या बापाच्या कमरेला पट्टा असायचा. तेवढ्यावर भागायचं त्याचं.’

शनिवार, १३ सप्टेंबर

दिवसभर त्याच्याकडेच बघत होतो. वेडेपणा आहे, माहीत आहे.

उन्हात तिरका धरला की धारेच्या वर एक धुक्याची रेघ दिसते. रेघेच्या खाली कडक, वर लवचीक. डेसा म्हणते ती काढलेली नसते, पाणी देताना आपोआप उमटते आणि दोनदा सारखी कधी उमटत नाही. मुठीपुढच्या आडपट्टीच्या जरा पुढे एका बोटावर तोलला तर आडवा राहतो, श्वास घेतल्यासारखा किंचित हलतो. हातात घेतला की वजन जातं कुठे कोण जाणे. सॉ मिलमध्ये दिवसभर फळ्या उचलून हात भरून आलेले असतात, पण हा उचलायला कधी जड वाटत नाही.

शेवटचे पीच आणले होते आईने. एक कापला. रसाने पातं जागच्या जागी निळं पडलं, मोराच्या मानेसारखं. आधी धसकलो. मग आठवलं, डेसा म्हणाली होती – घाबरू नकोस, ते गंजणं नव्हे, ते त्याचं वय. ज्याने ज्याने जे जे कापलं ते पात्यावर राहतं.

मिलमधल्या फोरमनने सांगितलंय, करवतीपाशी कमरेला लोंबतं काही चालणार नाही. जेवणाच्या सुट्टीत लावतो, पुन्हा काढतो. पोरं हसतात. ‘नवी नवरी कुठे आहे रे?’ म्हणतात. हसू देत.

डेसाला सांगायचं आहे. रोज ठरवतो. तिला कळलं नसेल असं कसं होईल? माझं कॉलेज अर्ध्यात सुटलं ते मारामारीने, सगळे हेच म्हणतात. मारामारीनंतर परत बोलावत होते की मला. मी गेलो नाही. जंगलांबद्दल शिकायचं म्हणे, चार वर्षं! आमच्या घरामागे जंगलच आहे आणि पलीकडे तिची भट्टी.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

आज नीट लिहिता येत नाही. अक्षर बघा.

अग्निशमनवाल्यांच्या शेडमध्ये कॅटफिशचं जेवण होतं. सगळं गाव होतं. डेसा माझ्या समोर बसणार म्हणून मी आधीच जाऊन बाक धरला. ती आली, आणि तिच्याबरोबर तो. लायल. टेक्सासच्या हद्दीपलीकडे स्वतःची भट्टी आहे, विजेवर चालणारा घण आहे, धुतलेला ट्रक आहे, धुतलेले दात आहेत. डेसाला परीक्षेसाठी चार गोष्टी दाखवायला येतो म्हणे. ऑर्व्हलकाका असताना!

गोड बोलला. ‘तुझाच ना तो? दाखवतोस?’ मी मूठ पुढे करून दिला. रीत आहे. घेणाऱ्याचीही रीत आहे. मूठ धरायची, बघायचं, पात्याला बोट लावायचं नाही, पुसून परत द्यायचा. लहान पोरांनाही माहीत असतं. आणि हा, जो स्वतः सुरे घडवून खातो, त्याने अख्ख्या पात्यावरून अंगठा फिरवला. माशाच्या तेलाचा अंगठा. वर डेसाकडे बघून म्हणाला, ‘सुरुवातीच्या कामाच्या मानाने बरं आहे हं.’

मी सुरा काढून घेतला. आणि मग मला वाटतं मी तो टेबलात खुपसला. वाटतं काय – खुपसला. त्याच्या ताटाशेजारी. कागदी ताट होतं, कोबीची कोशिंबीर उडाली. गोड चहा ओतणारी बाईसुद्धा थांबली.

लायल हलला नाही. ‘जेवण तरी होऊ दे की मित्रा,’ म्हणाला, आणि दोनचार जण हसले. त्याच्या बाजूने.

डेसाने उठून सुरा उपसला. दोन्ही हातांनी. सगळ्यात आधी टोकाकडे बघितलं, वाकलंय का, आणि बराच वेळ नुसतं टोकाकडे बघत राहिली. मग मला म्यानात घालायला दिला.

टोकाची केवढी काळजी तिला. आमच्या दोघांचं आहे ना ते.

शनिवार, २० सप्टेंबर

फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला.

रविवार, २१ सप्टेंबर

चर्चला गेलो नाही. आई गेली आणि तोंड एवढंसं करून आली. तिला काय ऐकावं लागलं ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

बुधवार, २४ सप्टेंबर

कामावरून थेट भट्टीवर. डेसा नव्हती, किंवा असून बाहेर आली नाही. घरातला रेडिओ चालू होता. ऑर्व्हलकाका ऐरणीपाशी बसले होते. त्यांनी हात पुढे केला. मी सुरा दिला. चष्मा कपाळावरून खाली घेतला त्यांनी आणि मुठीलगतचा एक ठिपका दाखवला. गंज.

रात्रीही म्यानातच ठेवतोस का, विचारलं. मी म्हटलं, उशाशी घेऊन झोपतो. ते हसले नाहीत. म्हणाले, चामडं कमावलेलं असतं त्यात आंबटपणा असतो, घरी आलं की काढायचा, पुसायचा, तेल लावून उघड्यावर ठेवायचा. ‘सारखा म्यानात ठेवलास, सारखा कमरेला ठेवलास, तर म्यानच खाईल त्याला, पोरा.’ मग बारीक राखेने आणि तेलाने तो ठिपका घासत बसले. घासता घासता सांगून टाकलं. माझ्याकडे न बघता. परीक्षा झाली की डेसा लायलच्या भट्टीवर कामाला जाणार आहे. तिकडे गिऱ्हाईक मोठं. तिकडे शिकण्यासारखं खूप.

मी विचारलं, नुसती कामालाच का?

‘ते तिला विचार,’ म्हणाले. मग म्हणाले, ‘नको. विचारू नकोस. आणि शुक्रवारसारखं पुन्हा केलंस तर या दारात येऊ नकोस. लोकांच्या जेवणात सुरा खुपसणाऱ्यासाठी मी माझ्या पुतणीला भट्टी दिलेली नाही.’

सुरा परत देताना मात्र त्यांनी फडक्याने पुसून, मूठ माझ्याकडे करून दिला. म्हातारा कितीही चिडला तरी रीत सोडत नाही.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

तिने घडवलेली मूठ मी धरतो, आणि ती जाणार त्याच्या भट्टीवर. त्याच्या हाताचं माप घेणार का ओल्या मातीत? तेवढंच डोक्यात. फळ्या मोजताना, जेवताना, सगळीकडे. आज करवतीत फळी अडकवली मी, फोरमनने आईवरून शिवी दिली, मी त्याची कॉलर धरली. हाकललं नाही, बाबांच्या नावावर अजून थोडं खातोय.

रविवार, २८ सप्टेंबर

टेक्सासात गेलो होतो.

फक्त बघायला. कुठे राहतो, कसा राहतो. हद्दीवरचा पूल ओलांडताना शर्ट बाहेर काढून सुऱ्यावरून सोडला. भट्टी सापडायला वेळ लागला नाही, रस्त्यावर पाटीच आहे. रविवार असून दार उघडं. तो पाठमोरा, घासायच्या यंत्रावर वाकलेला. यंत्राच्या आवाजात त्याला मी आलेला कळलो नाही. मान उघडी होती त्याची. मानेवर उन्हाने भाजलेला पट्टा.

मी दारात उभा. हात शर्टाखाली. करंगळी त्या फुगीर जागेवर टेकली आणि मला वाटलं, आत्ता. सगळं कसं सोपं आहे. मूठ स्वतःच वर येत होती. खरंच सांगतो, मी ओढली नाही. दोन बोटं पातं म्यानाबाहेर आलं होतं तेव्हा त्याने यंत्र बंद केलं. एकदम शांतता. तो वळला. माझ्या हाताकडे बघितलं, मग तोंडाकडे.

‘कॉफी आहे. घेणार?’

मी परत फिरलो. ट्रकमध्ये बसून किल्ली लागेना. पुलावर थांबून ओकलो.

केलं नाही ना काही? मग झालं.

सोमवार, २९ सप्टेंबर

मी केलं असतं का? नाही. नसतं केलं. नाही.

बुधवार, १ ऑक्टोबर

डेसा आली! आमच्या घरी! पोर्चच्या पायऱ्यांवर बसली होती मी कामावरून आलो तेव्हा. आईने तिला चहा दिला होता, तो तसाच होता.

मला वाटलं – काय वाटलं ते लिहीत नाही.

तिच्या मांडीवर फडकं होतं. उघडलं. आत पात्याचे दोन तुकडे. परीक्षेचं पातं फाटलं. सोमवारी शेवटचं पाणी दिलं, तेलातून काढलं तर पाठीवर चीर. काकांनी व्हाइसमध्ये धरून तोडून बघितलं, आत कुठवर गेलीय ते. मी तुकडे हातात घेतले. मोडलेल्या कडेला राखाडी दाणे, एका बाजूला काळी रेघ. बाबांचे रस्ते, दुसरं काय. त्या पाट्यावर बाबांनी किती खड्डे घेतले असतील, त्यातला एक खड्डा शेवटी डेसाला लागला.

म्हणाली, नवीन घडवायला वेळ नाही. दुसऱ्या पोलादाचं तिला इतक्या लवकर जमणार नाही, तिचा हात या पोलादावर बसलाय. आणि या पोलादाचं पातं आता जगात एकच.

मला आधी कळलंच नाही. मग तिने माझ्या कमरेकडे बघितलं.

‘तो मला दे, कॉर्बिन.’

मी म्हटलं, तो वाकवणार? हो म्हणाली. काटकोनात? हो. मी म्हटलं, तू माझं एकेक बोट दाबून हे केलंस. तिने मान खाली घातली. ‘मीच केला म्हणून मागतेय. दुसऱ्या कुणाचा असता तर मागायचा हक्क नव्हता.’

मी ओरडलो. आई दारात आली. काय काय बोललो – परीक्षा पास होऊन त्या लायलकडेच जाणार ना, मग मी माझ्या हाताने माझं थडगं खणू का, असलं काहीतरी. डेसा उठली नाही. मी एवढा ओरडत असताना ती जागची हलली नाही, चहाचा पेला दोन्ही हातांत गच्च धरून बसून राहिली. पुन्हा तेच म्हणाली. आज दे. आत्ताच दे.

मी म्हटलं, नाही.

गुरुवार, २ ऑक्टोबर

मागून मागून काय मागितलं!

शनिवार, ४ ऑक्टोबर

आज नदीकाठी गेलो. लाकडाच्या ओंडक्यावर सुरा ठेवला आणि समोर बसलो. निळा रंग आता राखाडी झालाय. पीचचा, शिकारीत मारलेल्या खारीचा, दोराचा, माझ्या घामाचा. मूठही उजळ राहिली नाही, मधाच्या रंगावर आलीय. महिना झाला नाही आणि माझ्यासारखा दिसायला लागला.

विचार केला तो लिहून ठेवतो, उद्या पुन्हा डोकं फिरेल. दिला नाही तर डेसाची परीक्षा हुकते. पुढची एकदम वसंतात. म्हणजे हिवाळाभर ती इथे. पलीकडे. पण कशी इथे? माझ्याकडे बघणार सुद्धा नाही. दिला तर ती जाते. पण जाताना तिला माहीत असेल की तिचा शिक्का कशातून आलाय. लायलने तिला काय दिलं? कॉफी. मी काय दिलं? लायल असं करू शकेल? त्याच्याकडे भिंतभर सुरे आहेत, एखादा मोडला तर त्याला कळणारही नाही.

आणि एकदा तिला हे कळलं, की मग कुणी सांगावं.

रविवार, ५ ऑक्टोबर

चर्चच्या बाहेर तिला गाठून सांगितलं. देतो. तिने डोळे मिटले. मग म्हणाली, दे. मी म्हटलं, आज नाही. त्या दिवशी मी स्वतः आणीन, सगळ्यांसमोर तुझ्या हातात ठेवीन. तोवर माझा आहे.

‘आज दिलास तर बरं होईल, मला धार लावायला लागेल.’

मी म्हटलं, धार मी लावून आणतो, केस उडतील अशी.

तिने आईकडे बघितलं. आईने तिच्याकडे. बायकांचं काय ते.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

डेसाचा रोज फोन येतो. इतके दिवस मी फोन करून मेलो आणि आता ती रोज करते! कुठे आहेस, विचारते. काय करतोयस. घरीच आहेस ना. मी म्हणतो, धार लावतोय. बराच वेळ बोलते, उगाच, हवेबद्दल, हरणांच्या शिकारीचे दिवस आले त्याबद्दल. मिलवरून सुटायच्या वेळी बरोबर फोन. काल लायल तिकडेच आहे का, इकडे येणार का, मी विचारलं तर म्हणाली, तो परीक्षेला येणार नाही. मीच नको म्हटलं.

तिनेच नको म्हटलं! हे आज दहा वेळा आठवून झालं.

शनिवार, ११ ऑक्टोबर

झालं.

सगळं नीट लिहितो. ऑर्व्हलकाकांच्या अंगणात पंधरावीस माणसं, सगळे लोहार, सगळे दाढीवाले. परीक्षक टेक्सासचा म्हातारा, बोलायला काटकसरी. काका नात्यातले म्हणून लांब कुंपणापाशी उभे. डेसा चामड्याचा एप्रन घालून, केस बांधून. मी सगळ्यांसमोर गेलो, म्यानाचं बटण काढलं, पातं पुसलं आणि मूठ तिच्याकडे करून दिला. तिच्या बोटांनी मूठ धरली तेव्हा माझीही बोटं अजून त्यावर होती. तिने जोरात ओढून घेतला.

म्यानही दे, म्हणाली. मी पट्ट्यातून सोडवून तेही दिलं.

दोर एका घावात. खाली लोंबणारा तुकडा हललासुद्धा नाही, नुसता पडला. लाकूड दोनदा तोडायचं होतं – ढलप्या उडाल्या, परीक्षकाने दोन्ही तुकडे पायाने सरकवले. मग त्याने पातं उजेडाला धरलं, धारेला एक चरा नाही. आपल्या हातावरचे पांढरे केस त्याने भादरून पाहिले आणि हातावर फुंकर मारली. मागे कुणीतरी हुंकार भरला. मी लावलेली धार होती ती! पण मला हसू येईना.

मग व्हाइस.

टोकाकडून जबड्यात आवळला. मुठीवर लोखंडी नळी चढवली. बोडार्कच्या मुठीवर. माझ्या करंगळीच्या जागेवर. डेसाने दोन्ही हातांनी नळी धरली आणि चालायला लागली, गाडी ढकलतात तशी, अंग टाकून. पातं आधी सरळ उभंच, मग कमानीसारखं, मग धारेकडे बारीक बारीक टिक् टिक् आवाज. सगळ्यांनी श्वास धरला. मी मोडू दे म्हणत होतो की मोडू नको म्हणत होतो, देवाची शपथ, मला सांगता येत नाही. ती थांबली नाही. काटकोन झाला, परीक्षक बस म्हणाला, तरी ती ढकलतच होती. काटकोनाच्या पुढे. परीक्षकाने तिच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा सोडलं.

मोडला नाही. पास.

सगळे तिच्याभोवती. ती तिथून बाहेर पडून माझ्याकडे आली आणि तिने मला मिठी मारली. पहिल्यांदा. रडत होती, हुंदके देऊन, सगळं अंग हलत होतं तिचं. ‘थँक यू कॉर्बिन, थँक यू,’ एवढंच. तिचे हात माझ्या पाठीवरून कमरेपर्यंत गेले, जिथे म्यान असायचं तिथे थांबले.

आयुष्यात मी एक गोष्ट बरोबर केली. आज केली.

रविवार, १२ ऑक्टोबर

कमरेला हलकं वाटतं. उठताना हात तिथे जातो. पायरी चुकल्यासारखं होतं.

बुधवार, १५ ऑक्टोबर

वाकलेला सुरा मागितला तिच्याकडे. भिंतीवर लावीन म्हटलं. म्हणाली, तो तिच्याकडेच राहील. म्यानही.

ती शुक्रवारी जातेय.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

गेली. लायल न्यायला आला नाही, काकांच्या ट्रकमधून गेली. मी रस्त्याच्या कडेला उभा होतो. तिने हात हलवला. चांगला हलवला, खरा. मी चिडलो नाही. ट्रक वळणावर गेला तरी चिडलो नाही. हेच तिला कळायला हवं होतं, की माझ्यात हेही आहे.

घरी आलो तर आईने मक्याचा पाव आणि वाल केले होते. माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी लहान नाही म्हटलं, तरी फिरवला. म्हणाली, बरं झालं रे बाळा. फार बरं झालं.

बुधवार, २२ ऑक्टोबर

कॉलेजच्या कचेरीत फोन केला. जानेवारीपासून घेतील म्हणाले. बघू. वाटतं, ज्याने असा सुरा दिला तो माणूस चार वर्षं झाडांबद्दल ऐकूही शकेल.

रविवार, २६ ऑक्टोबर

ऑर्व्हलकाकांना लाकूड फोडून द्यायला गेलो. भट्टीत खिळ्याला तेल लावलेलं एक पातं टांगलं होतं. नऊ इंच. धारेच्या वर तशीच एक धुक्याची रेघ. माझ्या सुऱ्याचं जुळं, परीक्षेचं पातं. मी बघतच राहिलो तेव्हा काकांनी ते काढून माझ्या हातात दिलं. अखंड. कुठे चीर नाही, केसाएवढी सुद्धा नाही. तिने दाखवलेले तुकडे त्यांच्या एका जुन्या सुऱ्याचे होते, म्हणाले.

मी का म्हणून विचारलं.

काका म्हणाले, ‘तू लायलच्या दारात जाऊन उभा राहिलास त्या दिवशी तो नाही घाबरला, पोरा. त्याने तिला फोन करून सांगितलं. घाबरली ती.’